कोणती गोळी कोणाला भेटली?

पेणच्या बाजारात माझं मेडिकल आहे आणि माहेर रोह्याला, अष्टमीत. त्यामुळे पेणची दुखणी माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून येतात आणि रोह्याची नातेवाईक म्हणून. रोहेकर फोनवर विचारतात, "ही गोळी त्या गोळीबरोबर चालेल ना गं?" पेणची गिऱ्हाइकं एवढ्या खोलात शिरत नाहीत. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यातला कारागीर घाईत असतो, आणि खारपाटातली मावशी काउंटरवर हात टेकून एवढंच म्हणते, "बाय, ती कमरंची पावरची गोली दे गो."

ही पावरची गोळी म्हणजे बहुतेक वेळा ट्रॅमाडॉल. चिठ्ठीशिवाय ती मिळायची नाही असं सांगितलं की मावशी रुसते. "शेजारणीला दिलीस, मना का नाय?" शेजारणीकडे चिठ्ठी होती. शिवाय शेजारणीचं वय, मूत्रपिंड आणि इतर औषधं सगळी निराळी होती. हे उभ्या उभ्या समजावता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधानेही माणसाला फिट येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या डोक्यात एखादं 'वाईट औषध' असतं: ते टाळलं की झालं. माझा काउंटरवरचा आणि घरातला अनुभव वेगळा आहे. एकटी गोळी फिट आणते असं फार कमी वेळा घडतं. ती दुसऱ्या गोळीला भेटते, थकलेल्या मूत्रपिंडाला भेटते, उपवासाला किंवा जागरणाला भेटते, तेव्हा गडबड होते.

रोह्याच्या माझ्या मामांचंच उदाहरण घ्या. धाटावच्या कारखान्यातली नोकरी संपवून घरी बसलेले, मणक्याचं दुखणं जुनं. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली होती. नोकरी सुटल्यापासून मन रमत नाही, झोप लागत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं. मधुमेहामुळे मूत्रपिंडाचं काम मंदावलंय, ही नोंद तिसऱ्याच फाईलमध्ये. तीन डॉक्टर, तिघांचाही सल्ला आपापल्या जागी रास्त. फक्त तिन्ही फायली एका टेबलावर कधी आल्या नव्हत्या.

मग नवरात्र आलं. मामांनी नऊ दिवस उपवास केले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, सगळं रोहा जागं असतं. मामा त्या गर्दीत रात्रभर उभे. कंबर धरली म्हणून नेहमीच्या गोळ्यांवर आणखी दोन-तीन झाल्या. सकाळी ओटीवर चहा घेताना कप हातातून सुटला, डोळे फिरले, अंग ताठ झालं आणि झटके सुरू झाले. कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल नाकाला लावली, कोणी दातांत चमचा घालायला धावलं.

इस्पितळात आधी साखर तपासली, मग सोडियम, मग मेंदूचा सीटी स्कॅन. पहिल्यांदाच फिट आलेल्या माणसात हे सगळं पाहावंच लागतं. मेंदूतली गाठ, रक्तस्राव, पक्षाघात, आणि आपल्या देशात पट्टकृमीच्या अळ्यांनी मेंदूत केलेलं घर, अशी कितीतरी कारणं असतात. औषध घेतल्यानंतर फिट आली म्हणजे ती औषधानेच आली, असं लगेच म्हणता येत नाही. मामांचे रिपोर्ट मात्र नॉर्मल आले. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या." मामेभावाने पिशवी आणून टेबलावर ओतली. डॉक्टरांनी त्यातली दोन पाकिटं बाजूला काढून शेजारी शेजारी ठेवली: ट्रॅमाडॉल आणि एस्सिटालोप्राम.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. हे संदेश वाढवणारी रसायनं आहेत, तशी आवरणारीही आहेत. आवरणाऱ्यांतलं मुख्य म्हणजे गाबा. सुकेळीची खिंड उतरणाऱ्या ट्रकचा वेग जसा ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि उतार यांच्या हिशेबावर ठरतो, तसंच इथे. काही औषधं ब्रेक सैल करतात, काही ॲक्सिलरेटर दाबतात. ताप, जागरण, कमी साखर, कमी सोडियम यांनी उतार वाढतो. पेशींचा मोठा समूह एकाच वेळी बेफाम संदेश सोडू लागला, की त्याला आपण फिट म्हणतो.

ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं वेदनाशामक. वेदना कमी करण्याबरोबरच ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही मेंदूतली रसायनं जास्त वेळ रेंगाळत ठेवतं. उदासीवरची एस्सिटालोप्रामसारखी औषधंही सेरोटोनिनच वाढवतात. दोन्ही एकत्र आली की फिटचा धोका वाढतो. मामांच्या एका गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल होतं. दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही धडधाकट माणसाची कमाल मर्यादा. त्या रात्री मामांनी सहा गोळ्या घेतल्या असं धरलं, तरी बेरीज २२५. कागदावर ते मर्यादेत होते. पण मूत्रपिंड फारच मंदावलं असेल तर ही मर्यादा २०० वर येते आणि दोन मात्रांमध्ये १२ तासांचं अंतर ठेवावं लागतं, कारण औषध अंगाबाहेर पडायला वेळ लागतो. त्यातच नऊ दिवसांचे उपवास आणि रात्रभराचं जागरण.

ट्रॅमाडॉलचा हा दोष नवा नाही. हे औषध १९७७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं. अमेरिकेत ते १९९५ मध्ये पोचलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या डॉक्टरांना पत्रं धाडून फिटच्या धोक्याबद्दल सावध करावं लागलं. आपल्याकडे ते 'एच-वन' यादीत आहे. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातलं औषध विकताना मला डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. मावशीला मी नकार देते तो यासाठी.

मात्रेचा मुद्दा किती मोलाचा असतो ते बुप्रोपिऑनच्या इतिहासात दिसतं. उदासीवर आणि पुढे सिगारेट सोडवण्यासाठी वापरलं जाणारं हे औषध. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये परवानगी मिळाली आणि १९८६ मध्ये ते मागे घ्यावं लागलं, कारण खाण्याच्या विकाराच्या काही रुग्णांना त्याने फिट आल्या. १९८९ मध्ये ते कमी मात्रेची अट घालून परत आलं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत हजारात साधारण एकाला फिटचा धोका, ४५० ला हजारात चौघांना. मात्रा दीडपट झाली, धोका चौपट. "एकीने बरं वाटतं, तर दोन घेऊन बघतो," असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मला हे आकडे ऐकवावेसे वाटतात.

अशा आणखी काही भेटीगाठी आपल्या दोन तालुक्यांतल्या घराघरांत घडू शकतात.

दम्याच्या जुन्या रुग्णांच्या डब्यात थिओफायलिन असतं. त्याची योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, की यकृतात थिओफायलिनचा निचरा मंदावतो. गोळी तीच, पण रक्तातली पातळी वाढते. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन स्वतः गाबाच्या कामात अडथळा आणतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी संकट.

क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. गाबा तयार करायला शरीराला ब-६ जीवनसत्त्व लागतं. आयसोनियाझिड तेच खर्ची पाडतं. म्हणून क्षयाच्या गोळ्यांबरोबर पायरिडॉक्सिनची लहानशी गोळी दिली जाते. ती 'ताकदीची' समजून बाजूला ठेवू नये. नेहमीच्या मात्रेत फिट क्वचितच येते, पण एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या तर येणारी फिट नेहमीच्या इंजेक्शनांनी आटोक्यात येत नाही, पायरिडॉक्सिनच भरपूर द्यावं लागतं. कातकरी वाड्यांवरची कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात, गोळ्यांचे दिवस चुकतात. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊन हिशेब पुरा करायचा नसतो, हे मी अशा प्रत्येकाला सांगते. आणि या गोळ्यांचा डबा घरातल्या पोरांच्या हाती लागता कामा नये.

श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी. साखरेची ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली आणि पोटात फक्त चहा. दुपारपर्यंत साखर एवढी उतरते की घाम, थरथर, भ्रम आणि वेळ आली तर फिट. उपवास करावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. गोळीचं काय करायचं ते मात्र आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

रक्तदाबाच्या कित्येक जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. ते लघवीवाटे मीठ बाहेर टाकतं. सत्तरीची आजी, "मीठ बंद" हा सल्ला तंतोतंत पाळणारी, त्यात मे महिन्याचा घाम. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. ते १२० च्याही खाली गेलं की आजी आधी असंबद्ध बोलू लागते, मग फिट येऊ शकते. घरचे म्हणतात वयाने भ्रम झाला. त्या वेळी एका साध्या रक्तचाचणीने कारण कळतं.

चिठ्ठी न लागणाऱ्या वस्तूंचाही एक कोपरा माझ्या दुकानात आहे: बाम, निलगिरी तेल, कापूर. दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी चार वर्षांत फिटच्या ३५० रुग्णांना तेलं आणि बाम यांबद्दल मुद्दाम विचारलं, तेव्हा ५५ जणांच्या फिटचा संबंध कापूर किंवा निलगिरी असलेल्या पदार्थांशी दिसला. एरवी सहसा कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. लहान मुलाच्या छातीला कापूर चोळणं, पोटली नाकाला बांधणं यापासून लांब राहिलेलं बरं. कापराची वडी पोटात गेली तर ताबडतोब इस्पितळ गाठावं.

आता उलटी बाजू. गोळी घेतल्याने जशी फिट येते, तशीच ती अचानक थांबवल्यानेही येते. झोपेसाठी महिनोन्महिने अल्प्राझोलाम घेणाऱ्याचा मेंदू त्या उसन्या ब्रेकची सवय लावून घेतो. 'सवय लागली म्हणतात, आजपासून बंद,' असा निश्चय धोक्याचा. ही औषधं आठवडे घालवून हळूहळू उतरवावी लागतात. अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, गोळ्यांचंही तसंच. पेणमध्ये गणपतीआधीचा महिना म्हणजे रात्रंदिवस काम. रंगकाम करणारी पोरं पहाटेपर्यंत जागतात, जेवणाची वेळ राहत नाही, आणि त्यातल्या कोणाची फिटची गोळी चुकते. दोन वेळा चुकली आणि झोप नाही, एवढं पुरतं. सीझन लागायच्या आधी महिन्याभराच्या गोळ्या घेऊन ठेवा, असा माझा त्यांना आग्रह असतो.

कोणाला फिट आलीच, तर काय करायचं ते थोडक्यात सांगते. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल आपापल्या जागी राहू द्या. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले, किंवा शुद्ध न येता पुन्हा सुरू झाले, तर १०८ ला फोन लावा. पहिल्यांदाच आलेली फिट असेल तर ती थांबल्यावरही डॉक्टरांकडे नेलंच पाहिजे. आणि जाताना गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.

फिटचं कारण सापडण्याला एक सामाजिक अर्थही आहे. औषधाने, कमी साखरेने किंवा कमी सोडियमने आलेली एखादी फिट म्हणजे अपस्मार नव्हे. कारण दूर झालं की बहुतेकांना वर्षानुवर्षं गोळ्या खाव्या लागत नाहीत. मामांच्या दुखण्याचं औषध डॉक्टरांनी बदललं, आता तिन्ही फायलींवर एकमेकांची औषधं लिहिलेली आहेत, आणि फिटची गोळी त्यांना चालू नाही. पण एकदा 'फिटचा पेशंट' असा शिक्का बसला की आपल्या समाजात तो पुसत नाही. लग्न ठरायचं असलेल्या मुलीची अपस्माराची औषधं न्यायला येणारा बाप दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर थांबतो. काही घरं पेणची असून औषध वडखळहून नेतात. वास्तविक हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला गेला. कायद्याने जे सोडून दिलं ते लग्नाच्या बैठकीत अजून विचारलं जातं.

औषधाने फिट किंवा दुसरा काही त्रास झाला, तर तो दुष्परिणाम कळवायचा कुठे, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं. थॅलिडोमाइडने हजारो बाळं अपंग जन्मल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये दुष्परिणाम नोंदवण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू केला. भारतात २००४ च्या सुमाराला उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचं केईएम रुग्णालय विभागीय केंद्र होतं. सध्याचा औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालवला जातो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत फोन. रुग्णांसाठीचा नोंदणी अर्ज मराठीतही आहे. कळवायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही, आणि दुष्परिणाम औषधानेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तुमची नसते. एका नोंदीने काही ठरत नाही. निरनिराळ्या गावांतून तशाच नोंदी आल्या की तज्ज्ञांना त्यातला धागा दिसू लागतो.

आपल्या गावाकडच्या नोंदीला कोण विचारतंय, असं कोणी म्हटलं तर मी महाडकडे बोट दाखवते. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र शेजारी बसून बघत होते: घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी बदलली. त्या टिपणांतून लिहिलेलं त्यांचं निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा विंचूदंशावरचा उपयोग त्याच नियतकालिकातून जगापुढे गेला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते सगळं रायगड जिल्ह्यातल्या खाटेशेजारी वेळ आणि लक्षण लिहून ठेवण्यातून आलं. औषधाच्या दुष्परिणामाची नोंदही याच जातीची आहे: काय घेतलं, किती, कधी, आणि त्यानंतर किती वेळाने काय झालं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. घरातल्या प्रत्येक नेहमीच्या रुग्णाच्या नावाने एक कागद करा. औषधाचं नाव, मात्रा, कोणत्या डॉक्टरांनी दिलं, कधी सुरू झालं. त्याखाली मूत्रपिंड आणि सोडियमचा शेवटचा रिपोर्ट. आयुर्वेदिक काढा, बाम, शेजारणीकडून आणलेली गोळी, हेही लिहा, लाजू नका. नवं औषध लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांपुढे आणि ते देणाऱ्या प्रत्येक मेडिकलवाल्यापुढे तो कागद ठेवा आणि विचारा, "यातलं कोणतं कोणाबरोबर चालणार नाही?" शंका आली तरी चालू औषध स्वतःहून बंद करू नका, आधी फोन करा. आणि कागद बघायचा कंटाळा करणारा दुकानदार भेटला, तर खुशाल दुसऱ्या दुकानात जा.